फोटोनंतरचा भात

माझं वजन हा आमच्या घरात आईच्या खात्यातला विषय होता. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे घरातही खातेवाटप झालेलं. शाळा, रेशनकार्ड आणि सरकारी पत्रव्यवहार बाबांकडे. नातेवाईक, सणवार आणि माझं वजन आईकडे. मी दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले, आणि चांगली चहू अंगांनी वाढले. दहावीपासून आई माझ्या पोळ्या मोजायची. दुपारी दोन, रात्री दोन. तिसरीकडे हात गेला की ती डब्याचं झाकण लावायची.

कारण अर्थातच लग्न. पुण्या-मुंबईची मंडळी काही ना काही कामानं दिल्लीला यायची, महाराष्ट्र सरकारच्या इथल्या गेस्ट हाउसमध्ये उतरायची आणि संध्याकाळी 'सहज' आमच्याकडे चहाला यायची. मी पोहे घेऊन बाहेर यायचे. पंधरा दिवसांनी पत्र यायचं की पत्रिका जुळत नाही. पत्रिका किती किलोची हवी होती, ते कुणी लिहायचं नाही. आई ते पत्र दोनदा वाचायची आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या भातावरचं तूप बंद व्हायचं. मला तिचा फार राग यायचा. पोरगी जाड आहे यापेक्षा पोरगी भुकेली आहे याचं तिला काहीतरी वाटायला हवं, असं मला वाटायचं.

मग दिवस पालटले. बाबांच्या ऑफिसातल्या लोकांनी मिळून काढलेली हाउसिंग सोसायटी दिल्लीच्या टोकाला, द्वारकेत एकदाची उभी राहिली आणि आम्ही क्वार्टर सोडून सातव्या मजल्यावर राहायला गेलो. द्वारकेत तेव्हा माणसांपेक्षा सेक्टरांच्या पाट्या जास्त होत्या. गुडगावात काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्यांतल्या एकीत मला सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम मिळालं. टेस्टिंग म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका शोधून त्याला सांगणं. हे काम करण्याचे पैसे मिळतात यावर आईचा बरेच दिवस विश्वास बसत नव्हता, कारण घरी मी ते फुकट करत होते. गाडीत बसून जायचं, दिवसभर खुर्चीत बसायचं, गाडीत बसून यायचं. चाळिशी जवळ आली तेव्हा माझं वजन शहाऐंशी किलो होतं, लग्नाचा विषय बंद झाला होता आणि आईनं पोळ्या मोजणं सोडून दिलं होतं.

त्याच सुमारास बाबांचं पोट फुगायला लागलं. जन्मात दारूला न शिवलेला माणूस, पण लिव्हर सुकत चाललं होतं. मधुमेहामुळे असंही होतं, असं डॉक्टर म्हणाले. वर्षभर औषधांवर निघालं आणि मग एक दिवस मोठ्या हॉस्पिटलच्या सर्जननं आम्हा तिघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं की आता ट्रान्सप्लांटशिवाय उपाय नाही. घरातल्या कुणीतरी लिव्हरचा तुकडा द्यायचा. आईचा रक्तगट जुळत नव्हता आणि वयही झालं होतं. मला भावंडं नाहीत. माझा रक्तगट जुळला.

माझा स्कॅन झाला, आणि सर्जननं तो पडद्यावर दाखवला. माझ्या लिव्हरवर चरबी होती. "आप दे सकती हैं, पर ऐसे नहीं," तो म्हणाला. आठ आठवड्यांत दहा किलो उतरवायचे, मग पुन्हा स्कॅन. लिव्हर साफ दिसलं तर लगेच ऑपरेशन. "और जल्दी कीजिए. इनके पास बहुत टाइम नहीं है. इन्फेक्शन कभी भी हो सकता है." हे त्यानं बाबांसमोर सांगितलं. बाबांनी मान हलवली, मीटिंगचा मुद्दा मान्य असल्यासारखी.

घरी आल्यावर बाबांनी मला त्यांच्या पलंगाशी बोलावलं. आई दारात उभी होती. "हे बघ," ते म्हणाले, "बाप म्हणून मी तुला नको म्हणायला हवं, हे मला कळतं. पण तसला मोठेपणा मला जमणार नाही. मला अजून जगायचंय." एवढं सरळ वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी म्हणाले, "बाबा, दहा किलो काय, वीस उतरवते." आई दारातूनच स्वयंपाकघरात निघून गेली.

हॉस्पिटलनं माझ्यासाठी एक डाएटिशियन नेमून दिली, तिशीही न गाठलेली पंजाबी मुलगी, उत्साही, मला दीदी म्हणणारी. तिनं मला एक ॲप घ्यायला लावलं. तेव्हा हे सगळं नवीन होतं. ॲपमध्ये रोज खाल्लेलं लिहायचं, ते आपोआप कॅलरी मोजणार. काचेचा एक डिजिटल काटा घ्यायचा, त्यावर उभं राहिलं की आकडा फोनमध्ये आपसूक जाणार आणि तिलाही दिसणार. आणि लोक लिहिताना खोटं लिहितात, म्हणून प्रत्येक जेवणाआधी ताटाचा फोटो काढून तिला व्हॉट्सॲपवर पाठवायचा. मला हे सगळं फार आवडलं. मोजता येतं ते सुधारता येतं, ही माझी धंद्यातली श्रद्धा. पंचवीस वर्षं जे काम आईनं डब्याच्या झाकणावर चालवलं होतं, ते आता शास्त्रशुद्ध होणार होतं.

काटा पॅसेजमध्ये ठेवला. सकाळी आधी बाबा उभे राहायचे. त्यांचंही वजन रोज बघायचं होतं, पण उलट्या कारणासाठी: पोटात पाणी साठलं की आकडा चढायचा. भिंतीला हात लावला तर आकडा चुकतो, म्हणून मी त्यांच्या दोन्ही बाजूंना हात धरून, पण त्यांना न शिवता, उभी राहायचे. त्यांचा आकडा चढू नये आणि माझा उतरावा, एवढंच आमच्या घरात सकाळी मागणं होतं. मग मी उभी राहायचे. स्वतःचा आकडा बघायला बाबा चष्मा घालत नसत. माझा बघायला घालायचे, वाकायचे, आणि विचारायचे, "उतरलं का?"

पहिल्या आठवड्यात दीड किलो उतरलं. बाबांनी त्या दिवशी अर्धा कप जास्त चहा घेतला. मग आकडा थांबला.

आमच्याकडे ताट कसं वाढतात, ते इथं सांगायला हवं. आई पुण्याची, आणि दिल्लीत चाळीस वर्षं काढूनही तिनं ताट एकदम भरून कधी दिलं नाही. आधी मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. मग भाजी, वाटीत वरण, आणि पहिली पोळी. माणूस जेवायला लागला की पुढचं गरम गरम येत राहतं. दुसरी पोळी आणि मग भात, आणि शेवटी मागचा भात, म्हणजे ताकाचा किंवा दह्याचा. वाढणारी उभी, जेवणारा बसलेला. ताट भरून देतात ते हॉटेलात, असं ती म्हणायची. तर मी पान वाढून झालं की फोटो काढायचे. एक पोळी, भाजी, कोशिंबीर, वाटीभर वरण. फोटोवरून ॲपमध्ये नोंद करायचे. डाएटिशियनचं उत्तर पाच मिनिटांत यायचं, "बहुत बढ़िया दीदी, बिल्कुल ऐसे ही." मग फोन उलटा ठेवून मी जेवायला लागायचे आणि आई भाताचं भांडं घेऊन यायची.

"दोन घास घे. नुसत्या पोळीनं पोट जळेल."

"आई, नको गं."

"उपाशी माणसाचं ऑपरेशन करत नसतात. अंगात रक्त नको?"

भात पडायचा, त्यावर वरण पडायचं, त्यावर तूप. लहानपणी जे तूप पत्रिकेबरोबर गायब व्हायचं, ते आता चमच्यानं नव्हे, पळीनं येत होतं. मग मागचा भात. मग कधी गुळाचा खडा, "तोंड गोड कर, दिवसभर किती दगदग." वाचणाऱ्याला वाटेल, खाताना कळत नव्हतं का? मी स्वतःला सांगत होते की हे दोन घास म्हणजे काही जेवण नव्हे, जेवण ते, ज्याचा फोटो गेला. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा आई मला आग्रह करून वाढत होती. घरात एवढं मोठं संकट, आणि संध्याकाळी पानावर बसताना मला लहान मुलीसारखा आनंद व्हायचा. याची आज लाज वाटते, पण व्हायचा.

दुसरा आठवडा, तिसरा, चौथा. ॲपमधली कॅलरीची रेघ अगदी शहाण्यासारखी खाली, आणि वजनाची रेघ आडवी. मी टेस्टर, मी काट्यावर संशय घेतला. आट्याची दहा किलोची थैली ठेवून बघितली, काट्यानं दहा किलो दाखवले. काटा पॅसेजमधून स्वयंपाकघरात नेला, तिथंही तेच. मग ॲपवर संशय घेतला. त्यात कटोरी हे माप होतं आणि आमच्या वाट्या क्वार्टरच्या काळातल्या, मोठ्या. मी वाटीत पाणी भरून मापानं मोजलं आणि सगळ्या नोंदी सुधारल्या. रेघ तरीही आडवीच. डाएटिशियननं थायरॉइड तपासायला लावला, तो ठीक निघाला. सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर मी सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारू लागले. गेटवरचा गार्ड रोज विचारायचा, "मैडम, आज कितने राउंड?" गुडगावच्या ऑफिसात मी दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका तासाभरात हुडकून काढत होते, आणि स्वतःच्या ताटातली चूक मला पाच आठवडे सापडली नाही. ऑफिसात एवढा वेळ लावला असता तर मला काढून टाकलं असतं.

बाबा मात्र दर सकाळी वाकत राहिले. "उतरलं का?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

मी ग्रॅममध्ये उत्तर द्यायचे. त्यांनी आयुष्यभर सरकारी उत्तरं वाचली होती, त्यांना कळायचं. मग कॅलेंडरकडे बघायचे. पाचव्या आठवड्यापासून त्यांना काट्यावर चढायला माझा खांदा लागायला लागला.

सहाव्या आठवड्यात त्यांच्या पोटातलं पाणी काढण्यासाठी चार दिवस हॉस्पिटलात ठेवावं लागलं. मी त्यांच्याबरोबर राहिले, आई घरी. तिथं कँटीनचा ट्रे यायचा. दोन फुलके, दाल, भाजी, दही, सगळं आपापल्या खणात, सगळं एकदम. फोटो काढायचा, ट्रे संपवायचा, परत द्यायचा. पाचव्या दिवशी घरी येऊन काट्यावर उभी राहिले, तर सव्वा किलो कमी. मी उतरले, पुन्हा उभी राहिले. तोच आकडा. पॅसेजमध्ये उभ्या उभ्या मला सगळा घोळ कळला. ट्रेमध्ये मागून काही येत नव्हतं.

मी स्वयंपाकघरात गेले. आई कोथिंबीर निवडत होती.

"आई, आजपासून ताट एकदम वाढायचं. सगळं. जे काय द्यायचं ते फोटोच्या आधी. नंतर काही नाही."

"म्हणजे गार जेवायचं?"

"गार जेवायचं. आपण फोटो काढतोय अर्ध्या ताटाचा. निम्मं जेवण तर नंतर येतं. म्हणून वजन हलत नाहीये."

तिनं कोथिंबिरीची पुढची काडी उचलली. मग म्हणाली, "बरं."

मला वाटलं होतं ती चकित होईल, किंवा कपाळाला हात लावेल, आपण केवढी चूक केली म्हणून हळहळेल. तिनं नुसतं "बरं" म्हटलं, आणि ते मला तेव्हा खटकलं. पण मी घाईत होते. डाएटिशियनला फोन करून मी सगळी कथा सांगितली, तेव्हा ती इतकी हसली की मलाही हसू आलं. "दीदी, आप लोगों का खाना तो किस्तों में आता है." त्या दिवसापासून आईनं ताट एकदम वाढलं. वाढायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची, माझं जेवण होईपर्यंत बाहेर यायची नाही. मी जेवताना कुणी समोर उभं नाही, हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

वजन उतरायला लागलं, भराभर. बाबांचा आवाज बदलला. "उतरलं का?" हा प्रश्न ते आता बसूनच विचारायचे, कारण वाकणं त्यांना जमत नव्हतं. मी आकडा मोठ्यानं वाचून दाखवायचे. बाराव्या आठवड्यात मी शहात्तरवर आले. स्कॅन साफ आला. सर्जननं माझ्याशी हात मिळवला. हॉस्पिटलच्या कमिटीसमोर आम्हा तिघांची मुलाखत झाली, कॅमेरा लावून. माझ्यावर कुणी दबाव टाकला का, असं विचारलं, मी नाही म्हणाले. आईला विचारलं, आपकी सहमति है? ती म्हणाली, "हाँ जी." आणि जिथं बोट ठेवलं तिथं सही केली. पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली.

शनिवारी बाबांना ताप आला. पोटातल्या पाण्यातच इन्फेक्शन झालं होतं. अशा अवस्थेत ऑपरेशन करता येत नाही, आधी ताप उतरू दे, असं सांगून त्यांना आयसीयूत नेलं. गुरुवार आला आणि गेला. मी रोज व्हिजिटिंग अवरला आत जायचे, त्यांना सांगायचे की माझं वजन अजून उतरतंय, आपण तयार आहोत. शेवटच्या दोन दिवसांत त्यांना ते कळत होतं की नाही, मला माहीत नाही. नवव्या दिवशी ते गेले. बाहेर बाकावर सर्जन माझ्याशेजारी येऊन बसला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "एक महीना पहले हो जाता तो शायद बात कुछ और होती."

तेराव्याला पुण्याहून लोक आले. दारातून आत येताना त्यांचा चेहरा दुःखी असायचा आणि मला बघून क्षणभर उजळायचा. "अगं, केवढी बारीक झालीस." एका मावशीनं तर हळूच माझ्या दंडाला हात लावून पाहिला आणि आईला बाजूला घेऊन काहीतरी म्हणाली. आईनं तिला काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही, पण मावशी त्यानंतर माझ्या वाटेला गेली नाही.

सगळे गेल्यावर आम्ही दोघीच उरलो आणि मी आईशी बोलणं जवळजवळ बंद केलं. कामापुरतं बोलायचे. कारण आता माझ्याकडे वेळ होता, आणि फोनमध्ये बारा आठवड्यांचे सगळे आकडे होते. मी ते काढून हिशेब मांडला. ती चार-पाच आठवड्यांची आडवी रेघ नसती, तर माझा स्कॅन सातव्या-आठव्या आठवड्यातच झाला असता. तेव्हा बाबा, खांद्याला धरून का होईना, स्वतःच्या पायांनी पॅसेजपर्यंत येत होते. आणि मग ते "बरं" मला आठवलं. कोथिंबीर निवडणारे तिचे हात थांबलेसुद्धा नव्हते. तिला नवं काही कळलंच नव्हतं. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की फोटो कधी जातो आणि भात कधी येतो.

माझा राग किती भयंकर होता, ते मी लिहूच शकत नाही. मी घरी जेवायचं सोडलं. आई ताट वाढून झाकून ठेवायची, मी ऑफिसात जेवून आल्याचं सांगायचे. तिनं मला वाचवण्यासाठी त्यांना जाऊ दिलं, हे वाक्य मनात कितीदा म्हटलं असेन. मोठ्यानं म्हणायची हिंमत नव्हती.

एका रविवारी तिला हे म्हणून दाखवायचंच असं ठरवून मी पुरावा गोळा करायला बसले. व्हॉट्सॲपमधले ताटांचे सगळे फोटो एकामागून एक बघितले. प्रत्येक फोटोत ताटाची एक बाजू रिकामी. भाताची जागा. मी फोटो काढताना ती जागा रिकामीच असायची आणि ती कशासाठी रिकामी आहे हे मला माहीत असायचं. बघता बघता एक फोटो आला आणि मी तो मोठा करून बघितला. चौथ्या आठवड्यातला, दुपारचा. ताटात पोळी थोडी करपलेली, भाजी डावीकडे. आमच्याकडे भाजी कधी डावीकडे नसते. ते ताट मी स्वतः वाढून घेतलं होतं. आई त्या दिवशी बाबांबरोबर रक्त तपासायला गेली होती, घरात मी एकटी होते. मी फोटो काढला, पाठवला, "बहुत बढ़िया दीदी" आलं. मग मी उठले, कुकर उघडला आणि स्वतःच्या हातानं भात वाढून घेतला. तूप घेतलं. पुन्हा घेतलं.

त्या दिवशी आग्रह करायला कुणी नव्हतं.

मी फोन ठेवून दिला. ज्याला मी पाच आठवडे न सापडलेली चूक म्हणत होते, ती मला पहिल्याच दिवशी सापडली होती. काट्यावर आट्याची थैली, वाटीत पाणी, सोसायटीतल्या फेऱ्या, हे सगळं मी त्या एका जागेकडे बघायला नको म्हणून करत होते. मला ऑपरेशनची भीती वाटत होती. पोटावर उभी-आडवी चीर, भुलीतून जाग न येण्याचा कागद, ज्यावर मी न वाचता सही केली होती. वजन उतरलं नसतं तर कुणी मला दोष दिला नसता. बाबांनीसुद्धा नाही. मी बाबांना वीस किलो उतरवते म्हणाले होते, आणि रोज संध्याकाळी पानावर बसून ते होऊ नये याची व्यवस्था करत होते.

आई बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होती. मी जाऊन उभी राहिले. विमानतळ जवळ असल्यानं तिथं विमानं डोक्यावरून खूप खालून जातात आणि बोलणं मध्येच थांबवावं लागतं. एक गेलं, मग मी बोलले.

"आई, तू मला मुद्दाम वाढत होतीस."

तिनं हातातली उशीची खोळ घडी केली. "हो," ती म्हणाली. "माझ्यामुळे गेले ते. तू कधी विचारतेस, याचीच वाट बघत होते."

"मी खात होते."

"मी वाढलं म्हणून खाल्लंस."

"नाही. तू नव्हतीस तेव्हाही खाल्लं. मला ऑपरेशन नको होतं. मला भीती वाटत होती."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होते आणि मला वाटलं होतं की ती खाली बसेल, किंवा रडेल, किंवा माझ्यावर हात उचलेल. ती दोरीवरचा पुढचा कपडा काढत राहिली.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "पहाटे ह्यांच्या औषधाला उठायचे, तेव्हा तुझ्या खोलीतून ऐकू यायचं. झोपेत 'नको' म्हणायचीस. रोज. नुसतं नको, नको." आणखी एक विमान आलं, तिनं ते जाऊ दिलं. "सकाळी उठून ह्यांच्यासमोर हसत त्या काट्यावर उभी राहायचीस. तुला विचारलं असतं तर तू हो, देणार, असंच म्हणाली असतीस. म्हणून विचारलं नाही. वाढत गेले."